इंजिन बदललेल्या गाडीचे मूळ

धारवाड-हुबळीकडील जुन्या मराठी घरांतून पिढ्यान्पिढ्या जपलेल्या वस्तू पुष्कळ आढळतात. तांब्या-पितळेची भांडी, लाकडी पेट्या, लंबकाची घड्याळे, आणि क्वचित एखाद्या घरी मागच्या पडवीत झाकून ठेवलेली जुनी मोटार. अशा वस्तूविषयी पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘ही मूळचीच ना?’ भांड्याबाबत उत्तर सोपे असते. मोटारीबाबत ते तितके सोपे नाही. कारण मोटार चालवायची तर तिचे भाग झिजणार, आणि झिजलेला भाग बदलावाच लागणार. टायर, काच, रंग, गादी बदलली तर कोणी हरकत घेत नाही. परंतु खुद्द इंजिनच बदलले, आणि तेही मूळ इंजिनाहून पुढच्या काळातले बसविले, तर ती गाडी तीच राहिली काय? हौशी मंडळींच्या गप्पांतला हा प्रश्न २०२१ पासून आपल्या देशात कायद्याचाही झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याचा थोडा इतिहास मांडण्याचा आमचा मानस आहे.

आरंभी शब्दांचा अर्थ निश्चित करणे बरे. ‘व्हिंटेज’ हा शब्द आपल्याकडे कोणत्याही जुन्या गाडीस लावला जातो. इंग्लंडात १९३४ साली व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब स्थापन झाला, त्याने १९३० अखेरपर्यंतच्याच गाड्यांना ही पदवी दिली; त्यानंतरच्या गाड्या घाईने आणि स्वस्तात बनू लागल्या, अशी त्या मंडळींची तक्रार होती. १९६६ साली स्थापन झालेली जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना तीस वर्षांवरील वाहन ऐतिहासिक मानते. भारतीय नियमांनी पन्नास वर्षांची अट घातली आहे. म्हणजे ‘जुने’ कशास म्हणावे याविषयीच एकवाक्यता नाही, मग ‘मूळ’ कशास म्हणावे याविषयी मतभेद असल्यास नवल ते काय?

इंजिन बदलण्याची प्रथा मोटारीइतकीच जुनी आहे असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही. पहिले महायुद्ध संपले तेव्हा विमानांची शेकडो इंजिने निरुपयोगी होऊन पडली होती. काउंट लुई झबोरोव्स्की या इंग्लंडवासी धनिकाने युद्धपूर्व मर्सिडीज गाडीच्या सांगाड्यावर मायबाख कंपनीचे २३ लिटरचे विमान-इंजिन चढविले आणि १९२१ साली ती गाडी ब्रुकलँड्सच्या शर्यतीत उतरविली. त्याच्याच कारखान्यात अमेरिकन लिबर्टी जातीच्या २७ लिटरच्या बारा सिलिंडरी विमान-इंजिनाची आणखी एक गाडी तयार झाली. १९२४ साली झबोरोव्स्की शर्यतीत मरण पावला, तेव्हा ती गाडी पॅरी-थॉमस या वेल्श अभियंत्याने घेतली, तिचे नाव ‘बॅब्ज’ ठेवले, आणि १९२६ साली वेल्समधील पेंडाइनच्या वाळूवर ताशी सुमारे १७१ मैलांचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच वर्षी, ३ मार्च १९२७ रोजी, त्याच वाळूवर तो अपघातात गेला. गाडी तेथेच पुरण्यात आली. १९६९ साली ती उकरून काढून दुरुस्त करण्यात आली. आता विचार करावा, की या गाडीचे ‘मूळ इंजिन’ कोणते म्हणायचे? तिच्या जन्मापासूनच ते दुसऱ्या यंत्राचे होते.

आमच्या विषयास खरा दाखला मिळतो तो बेंटले गाडीचा. डब्ल्यू. ओ. बेंटले यांनी १९१९ साली कंपनी काढली. तिची ‘स्पीड सिक्स’ ही साडेसहा लिटरची, म्हणजे नेमके सांगायचे तर ६,५९७ घनसेंटिमीटरची, सहा सिलिंडरी गाडी होती. फ्रान्समधील ल मान्स येथे चोवीस तासांची शर्यत होत असे. १९२९ साली तेथे पहिले चारही क्रमांक बेंटलेने पटकाविले. पहिला आलेल्या गाडीने १९३० सालीही विजय मिळविला. वूल्फ बार्नाटो हा कंपनीचा अध्यक्ष दोन्ही वर्षी स्वतः चालकांत होता. या गाडीस पुढे ‘ओल्ड नंबर वन’ हे नाव मिळाले. १९३१ साली कंपनी डबघाईस येऊन रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. तथापि बार्नाटोने आपली गाडी सोडली नाही. १९३२ च्या ब्रुकलँड्स येथील पाचशे मैलांच्या शर्यतीसाठी तिच्यात बेंटलेचेच, पण नंतरचे, आठ लिटरचे (७,९८३ घनसेंटिमीटर) इंजिन बसविण्यात आले. त्या शर्यतीत ती तटबंदीसारख्या उतरत्या वळणावरून बाहेर फेकली गेली आणि क्लाइव्ह डन्फी हा तरुण चालक ठार झाला. अपघातानंतर तिची पुन्हा बांधणी झाली, वर बंदिस्त बॉडी चढली, आणि पुढील दशकांत तिचे आणखीही भाग बदलत गेले.

सुमारे साठ वर्षांनी हा विषय न्यायालयात गेला. १९९० साली ही गाडी एक कोटी पौंडांना विकण्याचा करार झाला. घेणाऱ्या कंपनीने मग माघार घेतली. ल मान्स जिंकणाऱ्या गाडीतले आता फारसे काही शिल्लक नाही, तेव्हा ही ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच, असे तिचे म्हणणे. लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांच्यापुढे तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या. न्यायालयाने जो भेद केला तो आम्हास फार मोलाचा वाटतो. १९२९ सालच्या अर्थाने ही गाडी ‘मूळ स्थितीतली’ म्हणता येणार नाही, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र तिचा इतिहास कोठेही तुटलेला नाही. एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ती एक गाडी म्हणूनच जगत आली. तिच्या जागी दुसरी कोणी उभी राहिली नाही. म्हणून ती अस्सल आहे, असा निर्णय झाला व खरेदीदारास व्यवहार पुरा करावा लागला. मूळ स्थिती आणि अस्सलपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे तत्त्व एका इंजिन बदललेल्या गाडीने प्रस्थापित केले.

दुसरा दाखला कारखान्यानेच केलेल्या बदलाचा. इंग्लंडच्या एसी कंपनीने १९५३ साली ‘एस’ ही देखणी, हलकी, उघडी गाडी काढली. तिचा सांगाडा नवा, पण इंजिन जॉन वेलर यांनी १९१९ च्या सुमारास आखलेले, म्हणजे चौतीस वर्षांचे जुने. १९५६ पासून तीत ब्रिस्टल कंपनीचे इंजिनही मिळू लागले. त्या इंजिनाचे कुळ युद्धपूर्व जर्मन बीएमडब्ल्यूचे. ब्रिस्टलने ते इंजिन बंद करण्याचे ठरविले तेव्हा १९६१ मध्ये फोर्ड झेफिरचे २.६ लिटरचे इंजिन आले. त्याच वर्षी कॅरल शेल्बी या निवृत्त अमेरिकन शर्यतपटूने एसी कंपनीस पत्र लिहून, तुमच्या गाडीत अमेरिकन व्ही-आठ इंजिन बसेल काय, असे विचारले. फोर्डने नुकतेच पातळ भिंतीच्या ओतकामाचे नवे व्ही-आठ इंजिन काढले होते. आकाराने मोठे असूनही ते जुन्या सहा सिलिंडरी इंजिनाहून फारसे जड नव्हते. १९६२ च्या आरंभी इंजिनाविना एक सांगाडा लॉस एंजलिसला पोहोचला, तेथे ४.२ लिटरचे इंजिन बसले, आणि ‘कोब्रा’ जन्मली. १९६५ साली सात लिटरचे इंजिन घालण्याचे ठरले, तेव्हा मात्र जुन्या सांगाड्याने हात टेकले. त्याच्या नळ्या जाड कराव्या लागल्या, पाट्यांच्या स्प्रिंगा काढून गुंडाळीच्या स्प्रिंगा द्याव्या लागल्या. बळ वाढविले की ते पेलणारी हाडेही वाढवावी लागतात, हा धडा यातून घेण्यासारखा आहे.

इंजिन बदलणे म्हणजे एक उचलून दुसरे ठेवणे, अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात काम असे चालते. प्रथम इंजिनाचे फाउंडेशन, म्हणजे ते ज्या रबरी बैठकांवर बसते त्यांच्या जागा जुळवाव्या लागतात. इंजिनाच्या तळाचे तेलपात्र पुढच्या आडव्या दांड्यास किंवा स्टिअरिंगच्या जोडणीस अडते काय ते पाहावे लागते. इंजिन आणि गिअर-बॉक्स यांमधील बेल-हाउसिंग जुळत नसेल तर मधे जाड पोलादी चकती तासून घालावी लागते. तिचा मध्य केसभर जरी चुकला तरी क्लच आणि बेअरिंग लवकर जातात. नवे इंजिन गिअर-बॉक्ससह आले तर प्रोपेलर शाफ्ट कापून नव्या लांबीचा करावा लागतो व त्याचा तोल पुन्हा साधावा लागतो. मागच्या डिफरन्शियलचे दात जुन्या, सावकाश फिरणाऱ्या इंजिनासाठी मोजलेले असतात. वेगाने फिरणाऱ्या इंजिनास ते मानवतीलच असे नाही. रेडिएटर पुरतो काय, ब्रेक पुरतात काय, पुढच्या चाकांवर वजन किती वाढले, हे प्रश्न निराळेच. त्यात १९६० पूर्वीच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे, पुढच्या काळात ऋण टोक जोडू लागले. हे विसरून डायनामो किंवा अल्टरनेटर जोडणाऱ्याचे हात भाजल्याशिवाय राहत नाहीत.

आता आपल्या देशाकडे वळू. युरोप-अमेरिकेत इंजिन बदलले ते वेगासाठी. आपल्याकडे ते गरजेपोटी. मुंबईत शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ मध्ये जुळणीचा कारखाना काढला होता. फोर्डच्या गाड्याही येत. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ कमिशनच्या १९५३ च्या अहवालानुसार, ज्यांचा देशात निर्मिती करण्याचा कार्यक्रम नाही अशा कंपन्यांना मुभा राहिली नाही, आणि या परदेशी कंपन्या निघून गेल्या. आयातीवर कडक बंधने आली. शेव्हरोले, ब्यूक, फोर्ड व्ही-आठ यांचे सुटे भाग मिळणे दुर्घट झाले. संस्थानिकांच्या, वकील-डॉक्टरांच्या, व्यापाऱ्यांच्या घरी असलेल्या चांगल्या गाड्या एखाद्या क्रॅंक-शाफ्टअभावी उभ्या राहिल्या. त्या चालू ठेवायच्या तर देशात जे मिळते ते बसविणे एवढाच मार्ग होता. मिळत होते ते अँबॅसडरचे, फियाटचे आणि जीपचे इंजिन. म्हणूनच आपल्याकडील कित्येक जुन्या गाड्यांच्या झाकणाखाली आजही या तिघांपैकी एक आढळते.

यांत एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. आपल्या देशात इंग्रजी स्पोर्ट्स गाडी म्हटली की एमजीचे नाव पुढे येई. एमजीच्या टीसी व टीडी या नमुन्यांचे १,२५० घनसेंटिमीटरचे इंजिन मुळात मॉरिस टेन या साध्या घरगुती गाडीच्या इंजिनापासून निघाले होते, आणि तीच मॉरिस टेन आपल्याकडे ‘हिंदुस्थान टेन’ या नावाने आली. या इंजिनांच्या बोल्टचे आटे मेट्रिक, पण डोकी इंग्रजी व्हिटवर्थ मापाची. कारण मॉरिसने १९२३ साली कोव्हेंट्री येथील जो इंजिन-कारखाना विकत घेतला तो ऑचकिस या फ्रेंच कंपनीचा होता व त्याची यंत्रे मेट्रिक मापाची होती. पाना इंग्रजी आणि आटा फ्रेंच, असा हा संकर. पुढे १९५५ च्या एमजीए गाडीत १,४८९ घनसेंटिमीटरचे बी-सिरीज इंजिन आले. उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर १९५७ साली निघाली, आणि १९५९ पासून तीतही हेच १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन होते. फरक इतकाच, की एमजीला दोन कार्बुरेटर होते आणि अँबॅसडरला एक. तेव्हा एमजीत अँबॅसडरचे इंजिन बसविणारा मिस्त्री नकळत एका कुळातलेच स्थळ जुळवीत असे, असे म्हणावयास हरकत नाही.

हे काम करणारे हात कोठून आले, याचाही विचार आपल्या भागापुरता केला पाहिजे. सदर्न मराठा रेल्वेने १८८५ साली हुबळीत कर्मशाळा काढली. लोखंड तासणे, ओतणे, जोडणे ही विद्या तेथून गावात उतरली. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकलींचे दुकान चालवीत, तेथेच लोखंडी नांगराच्या उद्योगात शिरले, आणि १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडीस गेले. याच घराण्याने १९४१ मध्ये आपल्या दक्षिणेस हरिहर येथे म्हैसूर किर्लोस्कर हा लेथ बनविणारा कारखाना काढला, व १९४६ मध्ये पुण्यास ऑइल इंजिनांचा. हरिहरचा कारखाना पुढे बंद पडला. पण त्याचे लेथ कित्येक लहान वर्कशॉपांतून दीर्घकाळ फिरत राहिले. सिलिंडर बोअर करणे, स्लीव्ह घालणे, क्रॅंक ग्राइंड करणे, ही कामे अशाच यंत्रांवर होत. आज हुबळीच्या वेशीवरील तारिहाळच्या औद्योगिक वसाहतीत जावे, तर त्याच विद्येचे नातू-पणतू दिसतात. औद्योगिक व्हॉल्व्हसाठी हुबळीचे नाव झाले आहे. मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत तासणारी संगणकचलित यंत्रे येथे आहेत. इंजिन जोडण्यासाठी लागणारी चकती काय, किंवा जगात कोठेही न मिळणारा जुना भाग काय, नकाशा हाती दिला तर अशा वर्कशॉपात घडविता येतो. ही गोष्ट पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवावी.

आपल्या कारखान्यांनीही जुन्या देहात नवे इंजिन घालण्याचा मार्ग वारंवार पत्करला. मुंबईच्या प्रीमिअर कंपनीची १९८५ ची ११८ एनई ही गाडी म्हणजे १९६६ च्या फियाट १२४ ची बॉडी व जपानी निस्सानचे १,१७१ घनसेंटिमीटरचे इंजिन. हिंदुस्थान मोटर्सची कॉन्टेसा १९८४ मध्ये आली ती व्हॉक्सहॉलच्या १९७० च्या दशकातील बॉडीत अँबॅसडरचेच जुने इंजिन घेऊन. मागाहून तिला इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन मिळाले तेव्हा कोठे तिच्या देहास शोभेशी चाल आली. १९९० च्या दशकाच्या आरंभी तेच इंजिन अँबॅसडरलाही लाभले. उलट उदाहरण मद्रासच्या स्टँडर्ड २००० चे. १९८५ च्या त्या गाडीस रोव्हरचा आधुनिक देह होता, पण आत कित्येक दशकांपूर्वीच्या व्हॅनगार्ड गाडीच्या वंशातले इंजिन. ती अल्पावधीतच बंद पडली. आम्ही शासकीय सेवेत असताना ज्या जीपगाड्या पाहिल्या, त्यांतही हेच. आरंभी पेट्रोलचे हरिकेन इंजिन असे, १९८० च्या दशकापासून फ्रेंच प्यूजो जातीचे डिझेल इंजिन आले. बाहेरून जीप तीच. कार्यालयात कोणी ती निराळी गाडी मानली नाही.

आता कायद्याकडे येऊ. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात, नोंदणीपत्रातील तपशील बदलेल असा फेरफार करावयाचा तर आधी नोंदणी अधिकाऱ्यास कळवून संमती घ्यावी, एवढे बंधन होते. इंजिन बदलले की नवा क्रमांक पुस्तकात चढे आणि गाडी रस्त्यावर येई. १९८८ च्या कायद्यातील बावन्नावे कलम २००० च्या दुरुस्तीने कडक झाले. उत्पादकाने मूळात जो तपशील दिला त्याच्याशी विसंगत होईल असा बदल करण्यास मनाई आली. अपवाद ठेवला तो निराळ्या इंधनावर, बॅटरीवरसुद्धा, गाडी चालविण्यासाठी संमत संच बसविण्याचा. ज्यांच्याकडे दहा किंवा अधिक व्यावसायिक वाहने आहेत त्यांना इंजिन बदलण्याची सवलत देता येते, तीही त्याच बनावटीच्या व त्याच प्रकारच्या इंजिनापुरती. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा हाच अर्थ दृढ केला. रस्त्यावरील सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यच आहे. ब्रेक लहान आणि इंजिन मोठे अशी गाडी मालकाइतकीच वाटेवरच्या पादचाऱ्यासही घातक.

यानंतर १५ जुलै २०२१ रोजी केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुन्या गाड्यांसाठी स्वतंत्र तरतूद झाली. प्रथम नोंदणीस पन्नासहून अधिक वर्षे झालेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हीए’ अक्षरांचा विशेष क्रमांक मिळू शकतो. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीस पाच हजार रुपये शुल्क. मुदत दहा वर्षे. अशी गाडी प्रदर्शन, तांत्रिक अभ्यास, रॅली, इंधन भरणे वा दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणावयाची; रोजच्या वापरास नव्हे. मुख्य अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी. सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. ही तरतूद येण्यापूर्वी जुन्या गाड्यांना स्वतंत्र मान्यताच नव्हती, त्या अर्थी ती स्वागतार्ह आहे. पण तिचा परिणाम काय होतो ते पाहावे. ज्या घराने १९५० किंवा १९६० च्या दशकात आयातबंदीमुळे नाइलाजाने अँबॅसडरचे इंजिन बसवून, रीतसर संमतीने, गाडी जिवंत ठेवली, त्या घरची गाडी या नियमाच्या अक्षरास उतरणे कठीण. आणि जिने भंगारात पडून दहा-वीस वर्षे गंज खाल्ला, पण जिचे मूळ इंजिन तसेच राहिले, ती पात्र. हा पेच कसा सोडवावा?

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झाला आहे. ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्खू मिलिंद राजास त्याच्या रथाविषयी विचारतो. आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. सर्वांच्या विशिष्ट जुळणीस आपण रथ हे नाव देतो, असा निष्कर्ष निघतो. आमच्या देवळांचेही असेच. सभामंडपाचे लाकूड जाते, दगडी खांब येतात, कळस नवा होतो. आपण त्यास जीर्णोद्धार म्हणतो, दुसरे देऊळ म्हणत नाही. मात्र जीर्णोद्धार करणारा शहाणा असेल तर जुना शिलालेख भिंतीत तसाच ठेवतो, आणि आपला नवा लेख निराळा कोरतो. ज्याने जुना लेख फोडून त्यावर गिलावा केला, त्याने देऊळ राखले असेल, पण इतिहास बुडविला. इंजिन बदलाबाबत आमचे मत याच धाटणीचे आहे. बदल झाला हा दोष नव्हे. बदलाचा पुरावा नाहीसा करणे हा दोष.

म्हणून आज कोणी घरच्या जुन्या स्पोर्ट्स गाडीत नवीन काळचे जपानी किंवा देशी इंजिन घालावे काय असे विचारील, तर आमचे उत्तर असे राहील : शक्यतो घालू नये. १९६० च्या सालात जी लाचारी होती ती आज राहिलेली नाही. जुन्या इंग्रजी गाड्यांचे भाग आज जगभरातून मागविता येतात. न मिळणारे तारिहाळसारख्या ठिकाणी तासून घेता येतात. मूळ इंजिनाचा ठोकळा तडकला तरी तो शिवता येतो, सिलिंडरला नवे स्लीव्ह घालता येतात. शिवाय आजचा कायदा अशा बदलास मुळीच अनुकूल नाही; नोंदणी आणि विमा दोन्ही धोक्यात येतात. परंतु ज्या गाडीत पूर्वजांनी दुसरे इंजिन आधीच बसविले आहे, तिचे ते इंजिन लाज वाटून उपटून फेकण्याचेही कारण नाही. परदेशी चलनाची टंचाई, आयात परवान्यांची रांग, आणि मिस्त्रीची अक्कल, हे सारे त्या जोडणीत गोठलेले आहे. टंचाईच्या काळाची साक्ष देणारे इतके बोलके कागदपत्र दप्तरखान्यातही क्वचित मिळेल.

व्यवहारापुरते काही सांगावेसे वाटते. काढून ठेवलेले मूळ इंजिन घरी असेल तर ते भंगारवाल्यास देऊ नये. तेल-ग्रीस लावून, तोंडे बंद करून, जमिनीपासून उंच ठेवावे. त्यावरील क्रमांक स्वच्छ करून त्याचे छायाचित्र घ्यावे. मुंबई राज्याच्या वेळचे नोंदणी-पुस्तक असल्यास ते जिवापाड जपावे. १९५६ पूर्वी आपला जिल्हा मुंबई राज्यात होता, तेव्हाच्या नोंदी आता सहजी मिळत नाहीत. इंजिन केव्हा, कोणी, कशासाठी बदलले हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून लिहून काढावे. पूर्वीचा बदल सांगाड्यास कापाकापी न करता केलेला असेल, तर मूळ इंजिन पुन्हा बसविता येते. तसे करावयाचे झाल्यास निघालेले इंजिनही जपून ठेवावे. बेंटलेच्या खटल्यात मालकाची बाजू टिकली ती गाडीचा प्रवास कागदोपत्री सलग दाखविता आला म्हणून. हा इशारा आपल्या सर्वांस लागू आहे.

शेवटी एक विचार. आपण या प्रांतात येऊन राहिलेली मराठी घरे. कोणी पेशवाईत आले, कोणी रेल्वेबरोबर आले, कोणी वकिली-शिक्षकीच्या निमित्ताने. आपल्या बोलीत कन्नड शब्द शिरले, स्वयंपाकात जोळद रोटी आली, मुलांचे शिक्षण कन्नडात व इंग्रजीत झाले. पुण्या-मुंबईचा पाहुणा आपले बोलणे ऐकून कधी हसतो आणि ‘हे मूळचे मराठी नव्हे’ असे म्हणतो. मूळ स्थितीचा दाखला त्याला आपण देऊ शकणार नाही, आणि देण्याचे कारणही नाही. आपल्यापाशी आहे तो न तुटलेला प्रवास, आणि त्याची वंशावळी, पत्रे, दस्तऐवज ही साधने. ती साधनेही पडवीतल्या गाडीसारखीच पुष्कळ घरांतून धूळ खात पडली आहेत. त्यांवरची धूळ झटकण्याचे काम या पिढीने करावे. पुढच्या पिढीला ती वाचता येतील किंवा नाही, याची खात्री आज कोणी द्यावी?